खासगी क्लिनिकमध्ये कोलोनोस्कोपी: तयारी, भूल आणि खर्च यांबद्दल माहिती हवी आहे

वारणाकाठ

नमस्कार. माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. आम्ही सांगली जिल्ह्यात, शहरापासून एसटीने दीड तासाच्या अंतरावर राहतो. थोडे चालले तरी त्यांना दम लागू लागला म्हणून गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासून घेतले, तेव्हा हिमोग्लोबिन ९.१ निघाले आणि शरीरातील लोहाचा साठाही कमी आढळला. शौचावाटे रक्त पडलेले त्यांनी कधी पाहिलेले नाही. जुनी मूळव्याध मात्र आहे, त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांनी सगळा दोष तिच्यावर टाकून विषय मिटवला होता. डॉक्टरांनी तो मिटू दिला नाही आणि सांगलीतील एका पोटविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. त्यांचे स्वतःचे क्लिनिक आहे आणि दुर्बिणीची तपासणी तिथेच होते. त्यांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठे आतडे पाहण्याची तपासणी, करण्याचा सल्ला दिला असून पुढच्या गुरुवारी सकाळी ११ ची वेळ मिळाली आहे.

वडिलांना मधुमेह आहे आणि त्यासाठी मेटफॉर्मिन व डापाग्लिफ्लोझिन एकत्र असलेली गोळी चालू आहे. तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला, तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र असलेली गोळी रोज रात्री घेतात. लोहाच्या गोळ्या गेल्या आठवड्यात सुरू झाल्या. क्लिनिकच्या स्वागतकक्षातून आम्हाला पावडरीचे एक पाकीट आणि अर्ध्या पानाचा छापील कागद मिळाला आहे. ‘आदल्या दिवशी हलका आहार, रात्री पावडर दोन लिटर पाण्यातून घेणे, सकाळी उपाशीपोटी येणे’ एवढेच त्यावर लिहिले आहे. खर्च साडेअकरा हजार रुपये सांगितला. त्यात काय धरले आहे हे विचारल्यावर ‘सगळे धरले आहे’ असे उत्तर मिळाले.

ज्यांनी ही तपासणी खासगी ठिकाणी करून घेतली आहे किंवा ज्यांचा या कामाशी संबंध आहे, त्यांनी कृपया सांगावे की प्रत्यक्षात काय काय होते, दुखते का, भूल किती देतात, आणि क्लिनिकला आधी कोणते प्रश्न विचारून ठेवावेत. वडिलांची खरी अडचण संकोचाची आहे. ‘या वयात हे काय करून घ्यायचे’ असे ते म्हणतात आणि पुढे बोलायलाच तयार होत नाहीत.

गोदातीर

मी ५८ वर्षांची असून नाशिकमध्ये एका खासगी क्लिनिकमध्ये ही तपासणी करून घेतली आहे, म्हणून रुग्णाच्या बाजूने लिहिते. आधीच सांगते की त्रास होतो तो तयारीचा. तपासणी स्वतः मला जवळजवळ आठवतही नाही.

तुमच्या कागदावरचा ‘हलका आहार’ हा शब्द फसवा आहे, कारण आपल्याकडे हलका आहार म्हटले की मुगाची सालीसकट खिचडी, पालेभाजी, ज्वारीची भाकरी आणि काकडीची कोशिंबीर असेच डोळ्यांपुढे येते. इथे नेमके तेच नको असते. चोथा आणि बिया आतड्यात मागे राहतात आणि दुर्बिणीच्या वाटेत येतात. म्हणून निदान दोन दिवस आधीपासून भाकरी, चपाती, कडधान्ये, पालेभाज्या, पेरू, डाळिंब, टोमॅटो, काकडी, तीळ, शेंगदाणे आणि खोबऱ्याची चटणी बंद ठेवावी. मऊ भात, गाळलेले वरण, ताक किंवा दही, इडली, साल काढून उकडलेला बटाटा, रव्याची पेज आणि चालत असल्यास अंडे किंवा मासा, एवढ्यावर दोन दिवस सहज निघतात. तपासणीच्या आदल्या दिवशी मला सकाळी थोडा दहीभात चालला आणि त्यानंतर केवळ पारदर्शक द्रव पदार्थ घ्यायचे होते, म्हणजे शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबू सरबत, भाज्या किंवा डाळीचे अगदी नितळ पाणी आणि दूध न घातलेला चहा. दुधाच्या चहावाचून डोके दुखणाऱ्यांनी कोऱ्या चहाची सवय एखादा दिवस आधीच लावावी. कोकम सरबत, बिटाचे सूप आणि लाल रंगाची पेये घेऊ नयेत, कारण आतड्यात राहिलेला लाल रंग रक्तासारखा दिसू शकतो.

आता पावडरीविषयी. तिची चव खारट आणि किंचित गुळमट असते. पहिला ग्लास सहज जातो, तिसऱ्या ग्लासाला मळमळते. पाणी आधीच तयार करून माठाच्या पाण्याइतके गार करून ठेवावे, दर १०-१५ मिनिटांनी एक ग्लास घ्यावा आणि मध्ये लिंबाची फोड चोखावी. स्वतःच्या मनाने त्यात साखर मात्र घालू नये. फारच मळमळले तर अर्धा तास थांबून पुन्हा सुरुवात करावी. राहिलेले पाणी ओतून देऊन ‘घेतले’ असे सांगण्याचा मोह होतो, पण त्यात आपलेच नुकसान आहे. साधारण तासाभरात पोट जोरात हलते आणि पुढचे तीन-चार तास संडासाजवळच काढावे लागतात. मऊ कागद किंवा पाण्याची पिचकारी वापरावी आणि सुरुवातीपासूनच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे, नाहीतर त्वचा सोलवटते. मूळव्याध असलेल्यांनी तर हे नक्की करावे. शेवटी बाहेर पडणारे पाणी पिवळसर आणि नितळ दिसले पाहिजे. ते गढूळ, तपकिरी किंवा कण असलेले असेल, तर निघण्यापूर्वी क्लिनिकला फोन करून सांगावे.

वडिलांना कमोड लागत असेल तर त्याची सोय आधी बघून ठेवा. मधुमेह असलेल्या माणसाने पुन्हा पुन्हा उकिडवे बसून उठताना चक्कर येऊन पडणे हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत टाळता येण्याजोगा अपघात आहे. त्या रात्री घरात कोणीतरी जागे असावे आणि संडासाची कडी आतून लावू नये.

निवृत्त भूलतज्ज्ञ

गोदातीर यांनी तयारीबद्दल उत्तम लिहिले आहे. मी औषधांबद्दल लिहितो, कारण प्रश्न वाचताना माझे लक्ष तिथेच अडकले. आपल्या वडिलांच्या बाबतीत गुरुवारची तारीख तशीच ठेवण्यापूर्वी तीन गोष्टी डॉक्टरांशी, स्वागतकक्षाशी नव्हे, बोलून घेणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीची. केवळ पाहणी करायची किंवा छोटा तुकडा तपासणीसाठी घ्यायचा, तर ही औषधे चालू असतानाही ते बहुधा करता येते. परंतु आतड्यात पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला कोंब, सापडला आणि तो काढायचा ठरला, तर क्लोपिडोग्रेलमुळे रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते आणि म्हणून ते साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवण्याची पद्धत आहे. अ‍ॅस्पिरिन सहसा थांबवत नाहीत, आणि स्टेंट असलेल्या रुग्णात तर ते परस्पर थांबवणे धोक्याचे आहे. आता अडचण अशी की आपल्या वडिलांची दोन्ही औषधे एकाच गोळीत आहेत. ‘ती गोळी बंद करा’ असे कोणी सरसकट सांगितले आणि आपण तसे केले, तर अ‍ॅस्पिरिनही बंद होईल. त्याऐवजी तेवढे दिवस नुसत्या अ‍ॅस्पिरिनची वेगळी गोळी लिहून घ्यावी लागते, आणि हा निर्णय त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीनेच व्हायला हवा. तीन वर्षांनंतरही दोन्ही औषधे का चालू आहेत, हेही त्यांनाच विचारावे. स्टेंट अवघड जागी असेल तर त्याला कारण असू शकते.

दुसरी गोष्ट मधुमेहाच्या गोळीची. डापाग्लिफ्लोझिन हे औषध अशा उपासाच्या तपासणीपूर्वी साधारण ३ दिवस आधी थांबवतात. उपास, जुलाब आणि हे औषध एकत्र आले की क्वचित रक्तात आम्ल साठते आणि त्या वेळी साखर फारशी वाढलेली नसल्यामुळे ते चटकन लक्षातही येत नाही. इथेही गोळी जोडगोळी असल्याने मेटफॉर्मिन वेगळे द्यायचे की तेही एक दिवस वगळायचे, हे लिहून घ्यावे. पावडर घेण्याच्या दिवशी साखर दर तीन-चार तासांनी घरच्या यंत्रावर मोजावी. ती ७० च्या खाली जाऊ लागली तर लिंबाच्या गाळलेल्या सरबतात साखर किंवा ग्लुकोज घालून द्यावे. वर गोदातीर यांनी साखर घालू नये म्हटले आहे ते पावडरीच्या पाण्याबद्दल. सरबताला ते लागू नाही.

तिसरी गोष्ट लोहाच्या गोळ्यांची. त्यांच्यामुळे मळ काळा आणि चिकट होतो व आतड्याच्या भिंतीला धरून राहतो, म्हणून त्या निदान ५ ते ७ दिवस आधी थांबवतात. कागदावर याचा उल्लेख नाही, याचे मला नवल वाटले.

क्रिएटिनीनची, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ताची, तपासणी अलीकडे झालेली नसेल तर ती करून घ्यावी. पोट साफ करण्यासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर मिळाली असेल तर ती मूत्रपिंडाच्या दृष्टीने तुलनेने सुरक्षित असते. सोडियम फॉस्फेटचे थोड्या पाण्यातून घेण्याचे औषधही बाजारात आहे आणि ते प्यायला सोपे जाते, परंतु वय, मधुमेह आणि रक्तदाबाची काही औषधे यांच्या जोडीला ते मूत्रपिंडाला इजा करू शकते. पाकिटावरचे नाव वाचून पाहावे.

आता भुलेबद्दल. या तपासणीला पाठीत सुई टोचून द्यायची किंवा घशात नळी घालून द्यायची भूल लागत नाही. शिरेतून मिडाझोलामसारखे गुंगीचे औषध आणि जोडीला वेदनाशामक देतात. किंवा भूलतज्ज्ञ उपस्थित असतील तर प्रोपोफॉल देतात, ज्यात रुग्ण झोपी जातो आणि औषध थांबवल्यावर थोड्याच वेळात जागा होतो. काही जण कोणतेही औषध न घेता तपासणी करून घेतात आणि ती सहन होते, पण दुर्बीण डाव्या बाजूच्या वळणावरून जाताना कळ येते. हिमोग्लोबिन कमी आणि हृदयाला स्टेंट असलेल्या रुग्णाला प्रोपोफॉल द्यायचे असेल, तर ते देणारी आणि केवळ त्याच्यावर लक्ष ठेवणारी व्यक्ती दुर्बीण हाताळणाऱ्या डॉक्टरांपेक्षा वेगळी असली पाहिजे, या बाबतीत मी तडजोड करणार नाही.

म्हणून क्लिनिकला विचारावयाचे प्रश्न असे: भूलतज्ज्ञ त्या दिवशी प्रत्यक्ष हजर असतील का, ऑक्सिजन, नाडी व प्राणवायू दाखवणारे यंत्र आणि हृदयाला झटका देण्याचे यंत्र तिथे आहे का, आणि काही गुंतागुंत झाली तर रुग्णाला कोणत्या रुग्णालयात हलवतात. शेवटच्या प्रश्नाने काही क्लिनिकवाले नाराज होतात. तरीही विचारावा, ज्यांची व्यवस्था चोख असते ते एका वाक्यात उत्तर देतात.

आणखी एक. पन्नाशीनंतरच्या पुरुषाला लोहाच्या कमतरतेने पांडुरोग, म्हणजे हिमोग्लोबिन कमी, झाला असेल, तर रक्तस्राव जठरातूनही होत असू शकतो, विशेषतः अ‍ॅस्पिरिन चालू असताना. त्यामुळे अशा रुग्णात तोंडातून करायची दुर्बीण तपासणी आणि कोलोनोस्कोपी दोन्ही सुचवतात, आणि त्या एकाच भुलेत उरकता येतात. आपल्या डॉक्टरांचा तसा विचार आहे का, हे आत्ताच विचारले तर दुसऱ्यांदा उपाशी राहण्याची आणि दुसऱ्यांदा भुलेचे पैसे भरण्याची वेळ येणार नाही.

रानवारा

सर्वांचा आदर ठेवून विचारतो. मूळव्याध आहे हे माहीत असताना एवढा खटाटोप कशासाठी? मळाची साधी तपासणी करून त्यात रक्त नाही असे आले, तर सोडून देता येणार नाही का? नाहीतर हल्ली सीटी स्कॅनमध्येही आतडे दिसते म्हणतात. खासगी दवाखान्यांना यंत्राचे हप्ते फेडायचे असतात, हेही विसरून चालणार नाही.

निवृत्त भूलतज्ज्ञ

रानवारा, हप्त्यांचा मुद्दा मी सरसकट नाकारणार नाही. तरुण माणसाच्या साध्या अपचनासाठी दुर्बीण सुचवली जाते तेव्हा तो रास्तही असतो. या रुग्णाला तो लागू होत नाही. मळातील सूक्ष्म रक्ताची तपासणी ही कोणतीही लक्षणे नसलेल्या माणसांतून पुढे कोणाला तपासावे हे निवडण्यासाठी आहे. ज्याचे हिमोग्लोबिन आधीच उतरले आहे त्याच्या बाबतीत ती ‘नाही’ म्हणाली तरी शंका फिटत नाही, कारण आतड्यातील गाठ रोज रक्त सोडतेच असे नाही. सीटी कोलोनोग्राफी, म्हणजे तुम्ही म्हणता तो आतड्याचा सीटी स्कॅन, ही चांगली तपासणी आहे आणि ज्यांना दुर्बीण करता येत नाही त्यांच्यासाठी ती वापरतात, पण तिच्यासाठीही पोट साफ करावे लागते आणि तिच्यात काही दिसले तर तुकडा घेण्यासाठी शेवटी दुर्बीणच करावी लागते. मूळव्याध असलेल्या माणसाला त्याखेरीज दुसरे काही असूच शकत नाही, या समजुतीपायी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान उशिरा झालेले रुग्ण मी नोकरीत असताना पाहिले आहेत.

आपल्या देशात सरकारी कार्यक्रमातून तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांची चाळणी तपासणी होते. मोठ्या आतड्याची होत नाही. अमेरिकेत २०२१ पासून लक्षणे नसलेल्यांनाही ४५ व्या वर्षापासून ही तपासणी सुचवतात. ती पद्धत इथे जशीच्या तशी आणावी असे माझे मत नाही, मात्र लक्षणे असलेल्या माणसाला आपण निदान तेवढे तरी द्यावे.

पडद्यामागची

मी पुण्यात एका खासगी एंडोस्कोपी केंद्रात परिचारिका आहे. संकोचाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

काका आत आले की आधी त्यांची कागदपत्रे, औषधांची यादी आणि संमतिपत्र तपासले जाते. संमतिपत्र मराठीत मागा. बहुतेक ठिकाणी असते, फक्त मागितल्याशिवाय काढत नाहीत. त्यावर पॉलिप सापडल्यास त्याच वेळी काढावा की नाही, याची संमती वेगळी लिहिलेली आहे का, ते पाहा. मग कपडे बदलून अंगरखा आणि एकदाच वापरायची, मागे फट असलेली चड्डी देतात. त्यामुळे माणूस उघडा पडत नाही. पाहायला लागणारी जागा तेवढीच मोकळी राहते आणि वरून चादर असते. हाताला सलाईनची सुई लावतात, कवळी असेल तर काढायला सांगतात, डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. खोलीत डॉक्टर, भूलतज्ज्ञ, एक तंत्रज्ञ आणि एक परिचारिका एवढीच माणसे असतात. पुरुष कर्मचारी हवा असेल तर आधी फोन करून सांगितल्यास बहुतेक ठिकाणी सोय होते, आणि असे सांगण्यात काहीही वावगे नाही. दारूबाजांना, राजकारण्यांना, मंदिराच्या विश्वस्तांना आम्ही याच कुशीवर झोपवतो. दुपारपर्यंत कोणाचाही चेहरा आमच्या लक्षात राहत नाही.

डॉक्टर प्रथम बोटाने तपासतात, मग जेली लावून दुर्बीण आत सरकवतात. मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब असते आणि ते मिटलेल्या पिशवीसारखे असल्याने वाट दिसावी म्हणून त्यात हवा किंवा कार्बन डायऑक्साइड भरतात. कार्बन डायऑक्साइड लवकर शोषला जातो, म्हणून त्याची सोय असेल तर नंतर पोट कमी फुगते. मध्येच आम्ही पोटावर हाताने दाब देतो किंवा रुग्णाला कूस बदलायला लावतो, ते दुर्बिणीला पडलेला पीळ सुटावा म्हणून. टोकाशी, म्हणजे अपेंडिक्सच्या तोंडापर्यंत, पोहोचल्यानंतर खरी पाहणी परत येताना होते. परत येण्याला किमान ६ मिनिटे द्यावीत, असा संकेत आहे. आपल्याकडे लहान आतड्याच्या शेवटच्या भागातही डोकावतात, कारण आतड्याचा क्षयरोग तिथे घर करतो आणि तो क्रोन्सच्या आजारासारखाच, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या एका वेगळ्या आजारासारखा, दिसतो. तुकडा घेताना दुखत नाही. आतड्याच्या अस्तराला ताण जाणवतो, चिमटा जाणवत नाही. सगळे मिळून अर्ध्या-पाऊण तासाचे काम असते आणि त्यानंतर तासभर निरीक्षणात ठेवतात.

तुमच्या कागदावर सगळी पावडर रात्रीच घ्यायला सांगितली आहे. ११ च्या तपासणीला हे मला पटत नाही. अर्धी आदल्या संध्याकाळी आणि उरलेली अर्धी तपासणीच्या ४ ते ६ तास आधी घेतली, तर आतडे जास्त स्वच्छ होते, कारण रात्रभरात लहान आतड्यातून पित्त आणि चिकट द्रव खाली उतरून उजव्या बाजूला थर धरतो आणि तिथले चपटे पॉलिप त्याखाली झाकले जातात. म्हणजे काकांनी पहाटे ५ ला दुसरा लिटर सुरू करून ७ पर्यंत संपवायला हवा. आणि तसे केले तर एसटीने दीड तास येणे जमणार नाही, हे उघड आहे. आदल्या रात्री सांगलीतच मुक्काम करा, किंवा क्लिनिकमध्ये खोली मिळते का ते विचारा. कित्येक ठिकाणी अशी एखादी खोली असते.

अहवाल हातात आला की दोन गोष्टी वाचा. दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, पोहोचली असे लिहून सोबत छायाचित्र दिलेले आहे का, आणि पोट किती साफ होते याची नोंद आहे का. बोस्टन मोजपट्टीत आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी ० ते ३ गुण देतात. कोणत्याही भागाला २ पेक्षा कमी मिळाले असतील, तर ‘काही आढळले नाही’ या वाक्यावर पूर्ण विसंबता येत नाही. दुर्बीण कशाने निर्जंतुक करतात आणि दोन रुग्णांच्या मध्ये किती वेळ ठेवतात, हेही विचारायला हरकत नाही. ज्या क्लिनिकमध्ये दोनच दुर्बिणी आहेत आणि सकाळच्या यादीत खूप रुग्ण आहेत, तिथे तर हा प्रश्न मी आवर्जून विचारेन.

हिशेबनीस

मी पैशांपुरते लिहितो. ‘सगळे धरले आहे’ हे उत्तर तोंडी स्वीकारू नका. मेसेजवर किंवा कागदावर मागा. डॉक्टरांची फी, भूलतज्ज्ञाची फी, भुलेची औषधे, आधीच्या रक्ताच्या तपासण्या व ईसीजी, तुकडा घेण्याचे शुल्क, पॉलिप काढण्याचे शुल्क आणि पॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेला तुकडा प्रयोगशाळेत तपासण्याचा, खर्च, यांपैकी शेवटचे तीन सहसा बाहेर असतात. पॉलिप एकापेक्षा जास्त निघाले तर नमुन्याच्या प्रत्येक बाटलीमागे पॅथॉलॉजीचे बिल वाढू शकते. महाराष्ट्रात नोंदणीकृत शुश्रूषागृहांसाठी २०२१ मध्ये सुधारित नियम आले असून त्यांत रुग्णहक्कांची सनद लावण्याची आणि दर कळवण्याची तरतूद आहे, तेव्हा दरपत्रक मागणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

विम्याचे गणित लोकांना उलटे वाटते. निव्वळ तपासणीसाठी केलेला खर्च बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींमध्ये ‘तपासणी व मूल्यमापन’ या वगळलेल्या कलमात जातो, मग क्लिनिकने दिवसभर दाखल केल्याचा कागद दिला तरी. ओपीडीचे संरक्षण वेगळे घेतलेले असेल तरच तो मिळतो. पॉलिप काढला गेला, तर ते उपचारात मोडते आणि दिवसभराच्या उपचारांखाली दावा करता येऊ शकतो. मात्र क्लिनिक पॉलिसीतील रुग्णालयाच्या व्याख्येत बसते का, हे टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेला, आधी विचारावे. आणि तपासणीतून काही निघून पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, तर दाखल होण्यापूर्वीच्या ठरावीक दिवसांतला खर्च मागता येतो; आरोग्य संजीवनी पॉलिसीत ही मुदत ३० दिवसांची आहे. म्हणून मूळ बिल, पावती, डॉक्टरांची चिठ्ठी आणि अहवाल जपून ठेवा. मधुमेह आणि स्टेंटची माहिती विमा घेताना दिलेली आहे ना, तेवढे एकदा पाहून घ्या.

वारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मी काल डॉक्टरांशी थेट बोलले. स्टेंटची माहिती त्यांच्या कागदावर होती, पण गोळी जोडगोळी आहे हे त्यांच्याही लक्षात आले नव्हते. हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून त्यांनी क्लोपिडोग्रेल थांबवायला आणि अ‍ॅस्पिरिन वेगळे चालू ठेवायला सांगितले आहे, आणि त्यासाठी तारीख आठ दिवस पुढे नेली आहे. तोंडातून करायची तपासणीही त्याच वेळी होईल. त्याचे तीन हजार जास्त पडतील, पण भूल एकदाच लागेल. पावडर दोन भागांत घ्यायला त्यांनी होकार दिला. मुक्काम सांगलीत आत्याकडे करणार आहोत; तिच्याकडे कमोड आहे. वडिलांना मी पडद्यामागची यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तेव्हा विश्वस्तांच्या वाक्यावर ते हसले आणि ‘पुरुष कंपाउंडर आहे का, एवढे विचार’ म्हणाले.

एकच शंका उरली आहे. तपासणी झाल्यावर त्याच संध्याकाळी गावी परतावे का?

पडद्यामागची

नुसती पाहणी झाली किंवा लहान तुकडा घेतला, तर चार-पाच तासांनी सोबत माणूस असताना गाडीने जायला हरकत नसते. काकांनी स्वतः वाहन चालवू नये आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कोणत्याही महत्त्वाच्या कागदावर सही करू नये, कारण गुंगी उतरल्यासारखी वाटली तरी विसराळूपणा राहतो. डॉक्टर निष्कर्ष सांगतील तेव्हा तुम्ही समोर असा. काकांना ते बोलणे नंतर आठवणार नाही.

पॉलिप काढला असेल तर मी त्या रात्री आत्याकडेच थांबायला सांगेन. आतड्याला छिद्र पडणे हे फार दुर्मीळ आहे, साधारणपणे हजारात एक किंवा त्याहूनही कमी, आणि मोठा पॉलिप काढल्यास हे प्रमाण वाढते. पण ते झालेच तर पहिल्या एक-दोन दिवसांत कळते. वारा सरल्यावर न थांबणारी आणि वाढत जाणारी पोटदुखी, कडक झालेले पोट, ताप, गरगरणे किंवा पुन्हा पुन्हा पडणारे रक्त, यांपैकी काही झाले तर सकाळची वाट पाहू नये. शौचाला रक्ताचा एखादा ठिपका दिसला तर तेवढ्याने घाबरू नये. पॉलिप काढलेल्या जागेतून रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत उशिरानेही होऊ शकतो, म्हणून क्लोपिडोग्रेल, डापाग्लिफ्लोझिन आणि लोहाच्या गोळ्या नेमक्या कोणत्या तारखेपासून पुन्हा सुरू करायच्या, हे घरी निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. त्याच कागदावर रात्री लागणारा फोन क्रमांकही घ्या, स्वागतकक्षाचा नको, तो सातला बंद होतो. पॅथॉलॉजीचा अहवाल यायला काही दिवस लागतात. तो क्लिनिक स्वतः कळवते की आपण जाऊन आणायचा, ते निघतानाच विचारा.